काकूंनी घरबसल्या पाहिलेलं सेल बंदर

लॉकडाउनचे किस्से आता पुरे, असं आमच्या मित्रमंडळींत दर महिन्याला ठरतं. मग कोणीतरी चहाला येतं, एक किस्सा निघतो आणि त्याच्या शेपटीला धरून पुढचे पाच. त्यातून आमच्या घरी तर प्रसादची आई राहायला होती. म्हणजे विचारूच नका!

प्रसाद आमचा युनिव्हर्सिटीपासूनचा दोस्त. त्याला वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली, मेलबर्नमधल्या आमच्या ट्रुगानिनापासून तीन तासांवर, सेल नावाच्या गावात. (‘किती टक्के?’ हा विनोद करून झालाय, करू नका.) सांगलीहून आलेल्या आईला त्याने आमच्याकडे ठेवलं, म्हणाला, आठवड्यात घर बघतो आणि हिला घेऊन जातो. त्याच आठवड्यात मेलबर्न बंद! आई इकडे, मुलगा तिकडे. त्यात वृद्धाश्रमातली नोकरी, त्यामुळे नियमातली सवलत शोधून आईला न्यायचा धोका तो घेईना.

*

काकू, म्हणजे प्रसादची आई, भूगोलाच्या रिटायर्ड बाई. प्रसादने शक्कल काढली, दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर आईला गाव दाखवायचं. तो फोन पुढे धरून चालायचा. आम्हाला टीव्हीवर गाव दिसायचं, आणि त्याचा नुसता आवाज.

गाव मोठं गमतीचं आहे. समुद्र लांब, तरी बंदर! पूर्वी आगबोटी सरोवरं ओलांडून नदीत यायच्या आणि खोदलेल्या कालव्यातून थेट गावात. काकूंनी पहिल्याच शनिवारी विचारलं, कालव्याची रुंदी किती? प्रसादला कुठलं ठाऊक! ‘मोजून ये,’ म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी पठ्ठ्या टेप घेऊन काठावर वाकला, आम्हाला टीव्हीवर नुसतं पाणी. एका गोऱ्या आजींना वाटलं, याचं काहीतरी पाण्यात पडलं. त्याने खरं कारण सांगितलं. आजी म्हणाल्या, नो वर्रीज, माझीही आई टीचर होती. आणि टेपचं दुसरं टोक धरून पुलावरून पलीकडे गेल्या.

*

घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा नियम आला तेव्हा काकूंनी माझ्याकडून नकाशा प्रिंट करून घेतला आणि कंपासपेटी मागितली. कंपासने वर्तुळ काढलं. आमचं इंडियन ग्रोसरीचं दुकान रेषेच्या तांदळाएवढं बाहेर! त्या आठवड्यात घरात कढीपत्ता आला नाही.

मी म्हटलं, काकू, एवढं कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला सातवीतली कॉपी आठवली. मग रविवारी स्वतःच पुन्हा नकाशा घेऊन बसल्या. वर्तुळाचा मध्य स्वयंपाकघरात धरला होता, तो अंगणातल्या पोस्टाच्या पेटीवर आणला. दुकान आत आलं. म्हणाल्या, पेटीसुद्धा घरातच मोडते, जा, मेथी पण आण.

*

सेलजवळ एक जुना पूल आहे, बोट आली की अख्खा फिरून बाजूला होणारा. माणसं हाताने फिरवायची म्हणे. काकूंना तो फिरताना बघायचा होता. प्रसादने सांगितलं, कोविडमुळे सध्या फिरवत नाहीत.

माझी बायको क्षितिजा पोळ्या लाटता लाटता बोलून गेली, ‘न फिरणारा पूल म्हणजे साधा पूलच की.’ काकू दोन दिवस तिच्याशी फक्त मिठापुरतं बोलल्या.

*

त्यावरचा उतारा म्हणा, पुढच्या रविवारी काकूंनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली. चाळिशीतल्या माणसांची! हाताने लिहिलेली प्रश्नपत्रिका, वर ‘वेळ : अर्धा तास’.

प्रश्न पहिला, भौगोलिक कारणे लिहा : सेल हे समुद्रकिनारी नसूनही बंदर झाले. मी आगबोटी, सरोवरं, कालवा, लोकर, सगळं ओतलं. पाचपैकी तीन. क्षितिजाने एकच ओळ लिहिली, प्रसाद तिथे राहतो म्हणून.

पाचपैकी पाच! मी तक्रार केली तर काकू म्हणाल्या, तू फापटपसारा फार लिहितोस.

*

मग काकूंना भारतात जाणाऱ्या विमानाचं तिकीट मिळालं. शुक्रवारचं. हे सुटलं तर पुढचं कधी, सांगता येत नव्हतं. मेलबर्नभोवतीची नाकाबंदी उठणार उठणार म्हणत होते, पण तारीख कळेना. काकूंनी बॅग भरली, चकल्या केल्या आणि प्रसादचा डबा माझ्याकडे देऊन म्हणाल्या, मी गेल्यावर त्याला पोस्टाने पाठव. मला तेव्हा गलबलून आलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो, लपवायचं काय त्यात.

आणि सोमवारी नाकाबंदी उठली! मंगळवारी पहाटे गाडी काढली. गावात शिरल्यावर मी नकाशा लावणार तर काकू म्हणाल्या, बंद कर ते, डावीकडे घे, आता सरळ, पाण्याची टाकी दिसेल. गाडी बरोबर बंदरावर.

प्रसाद धक्क्यावर उभा होता, तोंडाला मास्क, हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेला. आम्ही जवळ गेलो तसा सवयीने सुरूच झाला. आई, हा बघ तो कालवा, इथे बोटी लागायच्या, आणि तिकडे...

काकूंनी पाण्याकडे पाठ केली.

‘मास्क खाली कर,’ त्या म्हणाल्या. ‘चार महिने गाव बघितलं.’