अष्टमीची भरती

मे १९७४, श्रीवर्धन. हजर: मी, आमचे हे, दोन्ही मुलं आणि तिथं दिलेली माझी धाकटी बहीण सुमन.

आज कर्जतच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि तो किनारा आठवला. सुमनच्या सासरी पाहुण्यांना खोल्या देत. मागे केवड्याचं बन, पुढे नुसती वाळू, माणूस नाही. नदीकाठी ठेवतो तशा सगळ्यांच्या चपला मी पाण्याजवळ ओळीत मांडल्या. भरतीनं त्या नेल्या.

सुमन हसत सुटली. "अगं ताई, आज अष्टमी! दुपारनंतर पाणी चढणारच. ही काय आपली उल्हास नदी हाय?"

माझा हात धरल्याशिवाय नदीत न उतरणारी ही! आता समुद्रसुद्धा जणू तिला विचारून चढत होता. माझा नुसता जळफळाट झाला. तापल्या वाळूतून अनवाणी परतताना मात्र मीच तिचा हात धरला.

तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची, हे तिला विचारायचं अजून राहिलंय.