दोन ॲम्प आणि अण्णांचा गंधार

माणसं जमणाऱ्या घराच्या दाराशी चपला साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. कुठला कुणाचा, हे आता निघताना शोधावं लागतं.

मी फार शिकलेला नाही. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर आयुष्य काढलं. आता मुलीकडे, सर्जापूर रोडला राहतो. तन्वी कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तिला एक नाद आहे. हेडफोनने गाणं ऐकायचा! त्यासाठी एक पेटी लागते, जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी. पेटीच्या डोक्यावर काचेच्या नळ्या असतात. त्या तापल्या की आत निखाऱ्यासारखी तार लाल होते, आणि मग गाणं येतं. ट्यूब ॲम्प म्हणतात.

दर रविवारी तिची मंडळी आपापले ॲम्प घेऊन येतात आणि कुणाचा चांगला यावर भांडतात. व्हाइटफील्डचे गोखले, त्यांचा सगळ्यात महागडा. नागपूरचा समीर, त्याचा सगळ्यात स्वस्त. आणि नाडगीर अण्णा, इथलेच, कानडी मुलखात तीन पिढ्यांचे. सरकारी कारखान्यात रेडिओ बनवायचे. चहाचं खातं माझ्याकडे.

*

पहिल्याच रविवारी शेजारच्या अक्का दारात आल्या. आत सगळे खाली माना घालून, डोळे मिटून गप्प बसलेले. एकटे गोखले हेडफोन लावून डोळे पुसत होते.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला हळूच विचारलं, "यारिगे एनायतु?" म्हणजे कुणाला काय झालं?

मी म्हटलं, "काही नाही हो. गाणं ऐकताहेत."

अक्कांनी कान दिला. घरात चिटपाखराचा आवाज नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि म्हणाल्या, "सरी, बरं. मी संध्याकाळी रसम पाठवते. आज चूल नका पेटवू!"

*

गोखल्यांचा ॲम्प कॅबने येतो. दुलईत गुंडाळून, शेजारच्या सीटवर, वर बेल्ट लावून. एकदा ड्रायव्हरने सबंध रस्ता गाडी अशी हळू आणली की खड्डासुद्धा कळला नाही. मागून लोक हॉर्न मारून दमले! उतरताना त्याने अगदी दबक्या आवाजात विचारलं, "सर, बेटा है या बेटी?"

गोखले त्यांच्याच तंद्रीत. त्यांना वाटलं, आतली ट्यूब कुठल्या जातीची, हे विचारतोय. म्हणाले, "ट्रायोड."

"बहुत अच्छा नाम है, सर!"

त्या दिवशी गोखल्यांनी त्याला वर बोलावून चहा पाजला. बाळही दाखवलं. तो म्हणाला, "सर, मैं फिर भी धीरे ही चलाता."

*

समीरचा ॲम्प खांद्याच्या पिशवीत येतो, छत्री आणि डब्याच्या शेजारी. त्याचीही नळी छान नारिंगी दिसायची. मला आवडायची. एक दिवस गोखल्यांनी ती नळी हळूच उपसून काढली. तरी उजेड तसाच! खाली एक बारीक एलईडी बसवलेला होता.

"समीर, हे काय? देवापुढे लाइटची माळ?"

समीर म्हणाला, "तुमच्यावाल्यात समई असंन ना सर! पण प्रसाद तर दोघांकडंही मिळतो ना बाप्पा!"

*

मग ठरलं, डोळे बांधून परीक्षा. दोन्ही ॲम्पवर टॉवेल. टॉवेलखाली वायर बदलायला अण्णा बसले. गोखले आणि समीर आळीपाळीने ऐकायला.

"पहिला जरा कोरडा."

"हो ना! दुसऱ्यात तबला कसा गोल येतो!"

"आणि जागा बघ. गाणारी मध्ये, पेटी डावीकडे."

असं बराच वेळ चाललं. दोघांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. शेवटी तन्वीने विचारलं, "अण्णा, गोल तबल्याचा कुठला?"

अण्णा म्हणाले, "मला काय माहीत? मी वायर हलवलीच नाही अजून. चहा पीत होतो!"

पण पुढचंही सांगायला हवं, नाहीतर गोखल्यांवर अन्याय होईल. नंतर अण्णांनी खरोखर वायर बदलल्या, आणि गोखल्यांनी दर वेळी बरोबर ओळखलं. एकदाही चुकले नाहीत. मग मलाही बसवलं. समीरच्या ॲम्पमध्ये एक बाई गात होत्या. छान गात होत्या. गोखल्यांच्यात त्याच बाईंच्या मागे कुणी मुलगी तंबोरा घेऊन बसली होती, आणि तिची बांगडी तंबोऱ्याच्या दांडीला लागली. एवढीशी. टिण्!

मी मागे वळून पाहिलं. खरंच वळलो!

समीरने ते ऐकलं आणि झटकन हेडफोन काढला. "काका, घ्या हे! अजून ऐकलं तर घरी जाऊन माझा मला आवडणार नाही!"

*

एकदा गाणं चालू असताना वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला. हेडफोन माझ्या कानावर होता, आणि गाणं चालू! फोन बॅटरीवर होता हे खरं, पण ॲम्पला तर काहीच नव्हतं. तरी बाई गात राहिल्या. मग लांब गेल्यासारख्या झाल्या. तान पुरी केली, आणि मग गेल्या.

मी विचारलं, "अण्णा, वीज नसताना कशावर गायल्या हो?"

अण्णांनी ॲम्पवर हात ठेवला. "तापलेलं आहे ना. लगेच कसं विसरेल?"

*

आता अण्णांचं सांगतो.

बसवनगुडीच्या भजनी मंडळात तंबोरे लावायचं काम अण्णांचं. तंबोऱ्याला चारच तारा. पंचम आणि षड्ज. पण त्या अगदी नीट जुळल्या की आतून एक पाचवाच स्वर उठतो, गंधार. त्याची तार नसते. कुणी तो छेडत नाही. आपला आपण येतो. अण्णा म्हणायचे, "आपण फक्त जागा झाडून ठेवायची. यायचं की नाही, ते तो बघतो."

दोन वर्षांपूर्वी अण्णांचे कान गेले. अगदी गेले नाहीत, मशीन लावलं की बोलणं ऐकू येतं. "पण बोलणं काय ऐकायचं रे!" असं म्हणून हसतात. गंधार मात्र तेव्हापासून आला नाही. त्यांनी तंबोरे लावायचं सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणत, "जागा झाडता येते. आला की नाही, कळत नाही."

एवढ्यासाठी ते रविवारी येत. कुठल्यातरी ॲम्पमध्ये तो सापडेल म्हणून. आणि आता लेकाकडे परदेशी कायमचं जायचं ठरलं. तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा रविवार.

गोखले सकाळीच आले. ॲम्प चांगला तापू दिला. अण्णांनी कानातलं मशीन काढलं, हेडफोन लावला. तन्वीने नुसत्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. अण्णा डोळे मिटून बसले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"षड्ज आहे. पंचम आहे." मग मान हलवली. "तो इल्ल. नाही आला."

गोखल्यांनी एक डबी काढली. तिच्यात जुन्या नळ्यांची एक जोडी होती. तिला ते आम्हाला हात लावू देत नाहीत. ती बसवली. पुन्हा तापू दिली.

"इल्ल."

गोखल्यांनी आवाज स्वल्प वाढवला. अण्णांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "तुझा ॲम्प चांगला आहे रे. फार चांगला आहे."

गोखले खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

समीरने पिशवीतून आपला काढला. त्याला लाजच वाटत होती. "करून पाहू अण्णा, असंच." घाईत वायर फ्रिजच्या प्लगशेजारी लावली. बटण दाबलं, आवाजाची खुंटी मघासारखीच वर केली. अण्णांनी हेडफोन चढवला. तन्वी फोनमध्ये रेकॉर्डिंग शोधत होती.

अण्णांचा हात वर गेला. "श्श!"

आम्ही जिथे होतो तिथेच थांबलो.

"आला," अण्णा म्हणाले.

त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी तो स्वर गळ्यातून हलकेच धरला. थरथरला, मग स्थिर झाला.

तन्वी माझ्याकडे बघत होती. "बाबा," ती कुजबुजली, "मी अजून काही लावलंच नाहीये."

गोखले धावत आले. समीरच्या ॲम्पला हेडफोनसाठी दुसरं भोक आहे, त्यात आपला खुपसला, आणि ऐकलं.

समीरने विचारलं, "घरघर आहे ना सर? फ्रिजमुळं. वायर काढून दुसरीकडे लावतो, थांबा." तो प्लगकडे वाकला.

गोखले डोळे मिटून अण्णांच्या शेजारी जमिनीवर बसले. डोळे न उघडताच त्यांनी समीरचं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नकोस!"