इंग्रजांची तारीख आणि मेहुण्याची बाग

ब्रिटननं युरोपीय संघातून कधी बाहेर पडावं याच्याशी माझा संबंध असण्याचं काही कारण नव्हतं. मी साताऱ्यात राहतो, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आणि परदेशप्रवास म्हणाल तर एकदा बायकोबरोबर नेपाळ. पण त्या वर्षी फेब्रुवारी संपत आला तसा रोज सकाळी साडेसातला मेहुण्याचा फोन सुरू झाला. खुशाली वगैरे काही नाही, थेट प्रश्न.

"दाजी, निघाले का ते?"

ते म्हणजे इंग्रज.

मेहुणा सांगली जिल्ह्यात, तासगावच्या पूर्वेला. तीन एकर द्राक्षबाग, आणि गेली काही वर्षं माल ब्रिटनला जातो. त्या बागेला माझा एकच हातभार: रद्दी. घडांत पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागले, की उन्हानं ते गुलाबी पडू नयेत म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळून पिन मारतात. माझ्याकडे येणारं इंग्रजी वर्तमानपत्र मेहुण्याला फार पसंत. पानं मोठी, आणि त्याच्या मते कागदात दम असतो. मजकुराबद्दल त्यानं कधी मत दिलेलं नाही. वर्षभराचे गठ्ठे बायको बाजूला ठेवते आणि जानेवारीत एसटीनं भावाकडे पाठवते. आपण वाचलेलं बिचाऱ्या द्राक्षांनाही वाचावं लागतं, असं ती म्हणते.

त्या वर्षीच्या गठ्ठ्यांत दुसरं होतं काय? कराराचा मसुदा, मसुद्यावर टीका, मतदानाची तारीख, मतदान पुढे ढकललं. ब्रिटनला जाणाऱ्या द्राक्षांना ब्रिटनच्याच बातम्यांची कुंची घातलेली होती.

अडचण साधी होती. मुंबईकडच्या बंदरातून निघालेला माल जहाजानं तिकडे पोचायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. ब्रिटनची बाहेर पडायची तारीख होती एकोणतीस मार्च. मार्चच्या सुरुवातीला तोडलेला घड निघताना ब्रिटन युरोपात असणार, पोचेल तेव्हा कदाचित बाहेर. मग बंदरावर कागद कुठले दाखवायचे, तपासणी कोण करणार, ट्रक किती दिवस उभा राहणार, हे निर्यातदाराला माहीत नव्हतं. तो तिकडच्या खरेदीदाराला विचारी. खरेदीदार सरकारकडे बोट दाखवी. सरकार म्हणे, वाटाघाटी चालू आहेत. आणि या सगळ्या साखळीचं दुसरं टोक म्हणजे मेहुणा, तो मला विचारी. घरात राज्यशास्त्राचा माणूस असला की अशी वेळ येते. डॉक्टरला निदान ताप तरी मोजता येतो.

ब्रिटिश संसद मी एकोणतीस वर्षं शिकवली. खरं तर पोरांना हसवायला मला तो धडा सोयीचा होता. सोन्याचा मुलामा दिलेला दंड मिरवत आणणारा माणूस, बकलाचे बूट, मत द्यायला उठून एका दालनातून चालत जाणारे सभासद. आमच्या कॉलेजात पाहुण्यांचं स्वागत शाल, श्रीफळ आणि तीच ती प्रस्तावना देऊन व्हायचं. मी म्हणायचो, बघा, थाटमाट ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

आमच्या भागात इंग्रजांविषयी एक कथा आहे. ती प्रत्येक जुन्या पुलाबाबत सांगतात. पुलाला शंभर वर्षं झाली की विलायतेहून पत्र येतं: आम्ही बांधलेल्या पुलाची मुदत संपली, यापुढे जबाबदारी तुमची. असं पत्र पाहिलेला माणूस मला आयुष्यात भेटला नाही. पाहिलेल्या माणसाला ओळखणारे मात्र ढिगानं भेटले. या कथेचीही मी वर्गात यथेच्छ टिंगल करायचो.

आता चूक सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाग तोडणीला आली. नेहमीच्या निर्यातदाराचा माणूस म्हणाला, तारीख जाऊ द्या, काय ते स्पष्ट होऊ द्या, मग तोडू. त्याच दोन दिवसांत दुसरा एक निर्यातदार बागेत येऊन गेला. त्याचा माल हॉलंडला जायचा, ब्रिटनशी त्याचं देणंघेणं नव्हतं. भाव जरा कमी, पण परवा तोडतो म्हणाला. मेहुण्यानं फोन केला. या वेळी त्यानं 'निघाले का' विचारलं नाही.

"दाजी, तुमी सांगा. थांबू का देऊन टाकू?"

"तारीख कायद्यात लिहिली आहे," मी म्हणालो. "ते इंग्रज आहेत. एकोणतीसला निघणार म्हणजे निघणार. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"म्हंजे थांबू?"

"थांब."

त्यानं हॉलंडवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

मार्चच्या मध्यावर आम्ही दोघं तिकडे गेलो. बायकोला माहेर, आणि मला, खरं सांगायचं तर, आपला सल्ला कसा लटकतो आहे ते पाहायचं होतं. बागेत पाऊल टाकलं आणि ओळखीचे मथळे डोळ्यांसमोर आले. एका ओळीत करार फेटाळला, पुढच्या ओळीत पंतप्रधानांची शर्थ, तिच्याखाली निर्णायक आठवडा. असे निर्णायक आठवडे मी पाच मोजले आणि सोडून दिलं.

गावात औषधांच्या दुकानासमोर बाकडं आहे. द्राक्षावर फवारायची औषधं, पण गर्दी दवाखान्याइतकीच. तिथं सकाळी बागायतदार मोबाईलवर ब्रिटिश संसद बघत बसलेले. अध्यक्ष ओरडतोय, सभासद कागद हलवताहेत. करार दुसऱ्यांदा पडला होता. एकजण म्हणाला, आमच्या सोसायटीत ठराव एकदा पडला की चेअरमन महिनाभर बाजाराला येत नाही, आणि हे बघा, तोच ठराव घेऊन पुन्हा उभं. दुसऱ्याला शंका होती की यांचे सभासद फोडून कुठं सहलीला नेले असणार, त्याशिवाय मोजदाद अशी होत नाही. माझी ओळख करून दिल्यावर सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले की ब्रिटनच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करावी असं मला वाटलं. मी आयर्लंडची सरहद्द समजावून सांगितली. बेट एक, त्यात देश दोन, मधे कुंपण नको, पण वाटणी तर हवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सामाईक विहिरीवरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या माणसांना यात नवीन काही नव्हतं. त्यांचा राग वेगळा होता. भांडा की, पण ज्याचा माल झाडावर आहे त्याला एक काय ते सांगा.

दुपारी मेहुण्याच्या घरी टीव्हीवर तिकडच्या एका बाजाराचं दृश्य दाखवलं. भाजीच्या स्टॉलवर उभी असलेली सत्तरीची बाई, डोक्याला लोकरीची टोपी, वार्ताहरावर करवादत होती. तिनं संघातून बाहेर पडायला मत दिलं होतं की राहायला, ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणत होती की काय करायचं ते करा आणि संपवा एकदाचं. मी मेहुण्याला अर्थ सांगायला तोंड उघडलं.

"कळलं," तो म्हणाला. "तोंडावरनंच कळतंय की."

त्याच्या बागेत तोडणीसाठी बायकांची टोळी येते, म्हसवडकडची. दुष्काळी मुलखातल्या, हात चलाख, एका मोसमात दहा बागा उरकणाऱ्या. ती टोळी येऊन आठ दिवस नुसती बसून होती. टोळीची मुकादमीण पन्नाशीची, तोंडात मिश्रीचा काळा रंग. मी संध्याकाळी बागेच्या कडेला उभा होतो तेव्हा तिनं मला गाठलं. पाव्हणा शिकलेला आहे, याला कारण माहीत असणार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, एक देश सत्तावीस देशांपासून वेगळा होतोय, त्याचं ठरत नाही.

"किती दिवस झालं?"

"तीन वर्षं होत आली."

"आवं सर, माझ्या आज्जीच्या टायमाला नवराबायकूचं पटलं न्हाई तर पंच बसायचं. काडी मोडली की सुटली दोघं. दुपारच्या भाकरीला बाई म्हायारात. ह्यांची तीन वरसं एक काडी मोडंना?"

काडी कुठं मोडायची यावरच अडलं आहे, असं मी म्हणालो. हे वाक्य मला त्या क्षणी बरं वाटलं होतं.

"मग ठरंस्तवर बसा म्हणावं त्यांनी. आमाला कशाला धरून बसवलंय?"

तिसऱ्या दिवशी टोळी पलूसकडच्या एका बागेवर निघून गेली. मेहुण्यानं अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार?

आणि मग बातमी आली की ब्रिटननं मुदत वाढवून मागितली आहे. एकोणतीस मार्चच्या ऐवजी बारा एप्रिल, किंवा करार मंजूर झाला तर मे. एकोणतीसला करार तिसऱ्यांदा पडला. म्हणजे ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी ते पुन्हा मतदान करत बसले होते. साताऱ्यात घरी बसून मी पेपर वाचला आणि आयुष्यात प्रथमच त्याची घडी न करता भिंतीवर फेकला. बायकोनं तो उचलला, सरळ केला आणि पुढच्या जानेवारीच्या गठ्ठ्यात ठेवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निर्यातदाराचा माणूस शेवटी बागेत आला. आता मुदत वाढते आहे, तर तोडू, म्हणाला. मी मुद्दाम गेलो होतो. पारा चाळिशीला टेकलेला. त्यानं एका घडाचा कागद काढला. मणी पिवळे पडले होते, देठ सुकून काडीसारखे झाले होते. त्यानं घड हातात धरून हलकेच हलवला. सात-आठ मणी खाली पडले. दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत, तेच. तो मेहुण्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, सर, हा माल जहाजात टिकणार नाही. कागद त्यानं माझ्या हातात दिला. मी सवयीनं वाचला. पहिल्या पानावर लिहिलं होतं की व्यापारजगताला आता निश्चितता हवी आहे.

सगळी बाग बेदाण्याच्या शेडवर गेली. बेदाणा काही फुकट जात नाही, पण ज्या घडांचे खांदे, म्हणजे बाजूचे फाटे, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मोजून ठेवले, मणी विरळले, कागद लावले, ते लोखंडी जाळीवर पसरून सुकताना बघणं वेगळं. मेहुणा मला एक शब्द बोलला नाही. त्यानं दोन किलो बेदाणा घरी पाठवला. बायको म्हणाली, खा. मी खाल्ला. गोड होता, तेही त्रासदायकच होतं.

साडेसातचा फोन बंद झाला. सुरुवातीला बरं वाटलं. मग त्या वेळेला मी उगीच फोनजवळ जाऊन बसायला लागलो. दरम्यान ब्रिटननं बारा एप्रिलचं एकतीस ऑक्टोबर केलं होतं. पंतप्रधान बदलले. नवीन पंतप्रधान छातीठोकपणे सांगत होते की एकतीसला म्हणजे एकतीसला. ऑक्टोबरच्या मध्यावर मीच न राहवून मेहुण्याला फोन लावला. सांगणार होतो की यांच्यावर विसंबू नकोस, छाटणी करण्याआधी माल कुणाला द्यायचा ते ठरव.

"छाटून दहा दिवस झालं दाजी," तो म्हणाला. "माल हॉलंडवाल्याला बोललोय."

"बरं केलंस. कारण एकतीस तारखेचं अजून..."

"ऱ्हाऊ द्या. अक्का बरी हाय न्हवं?"

मी म्हणालो, बरी आहे. एकतीस ऑक्टोबरही गेला, हे त्याला सांगायची सोयच राहिली नाही.

जानेवारीत रद्दीचे गठ्ठे घेऊन या वेळी मीच एसटीनं गेलो. बायको म्हणाली होती, जा आणि हातानं लाव. पाच-सहा दिवस मी घडांना कागद गुंडाळले. कामात मी काही वाकबगार नाही. पिन मण्याला लागू न देता मारायची असते, आणि माझी दर चौथी पिन चुकायची. म्हसवडची मुकादमीण कागद लावायच्या कामाला पण आली होती. माझ्या ओळीतले घड ती मागून येऊन पुन्हा सारखे करायची.

शेवटच्या दिवशी सकाळी मोबाईलवर बातमी आली. ब्रिटन बाहेर पडला होता. मेहुणा माझ्यापुढच्या वेलीखाली वाकून उभा होता, दोन पिना ओठांत धरून.

"निघाले रे," मी म्हणालो.

त्यानं पिना हातात घेतल्या. "कवा?"

"काल रात्री."

मला वाटलं, आता बोलेल. वर्षभर बोलला नव्हता ते.

"मग आता सुटलं म्हणायचं का सगळं?"

खरं उत्तर असं होतं की निघाले असले तरी वर्षअखेरीपर्यंत काहीच बदलणार नाही, नियम तेच, बंदरं तीच, आणि पुढच्या व्यापाराच्या वाटाघाटी आता सुरू होणार आहेत. त्याला एक तासिका लागली असती. एकोणतीस वर्षं मी अशा उत्तरांचा पगार घेतला.

"तुझ्यापुरतं सुटलं," मी म्हणालो.

"माझं तर ऑक्टोबरातच सुटलं हुतं," तो म्हणाला, आणि पुढचा घड धरून माझ्याकडे हात केला. मी गठ्ठ्यातला वरचा कागद काढला. मार्चात भिंतीवर फेकल्याची सुरकुती त्याच्यावर अजून होती. तो न वाचता त्याच्या हातात दिला.