काळजीचं आधी सांग

"काळजीचं आधी सांग, बाकीचं नंतर."

शिफ्टवरून आल्या की ताई कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला हँडओव्हर म्हणतात. ताईंनी ती पद्धत घरात आणली होती. दहा वर्षांची इरा समोर ताठ उभी राहून दिवसभराच्या शाळेचा हँडओव्हर द्यायची.

"ओमने शर्ट फाडला. माझे फ्रॅक्शन्स चुकले. बाबा दुपारी झोपले."

"ही काय काळजीची गोष्ट आहे?" आतून दाजी ओरडायचे.

"पेशंट स्टेबल आहे," ताई म्हणायच्या. "पुढे."

महामारीचा काळ होता. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या एका लहानशा गावात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नोकरीला होतो. भाड्याने घर मिळेना म्हणून कॅरॅव्हॅन पार्कमधल्या, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं उभी करायच्या तळावरच्या, केबिनमध्ये राहत होतो. एका संध्याकाळी शेजारच्या जागेतून कुकरची शिट्टी ऐकू आली. तुम्ही परक्या मुलखात एकटे राहिला असाल, तर मी अनवाणी बाहेर का धावलो ते तुम्हाला सांगायला नको.

तो कुकर ताईंचा. त्या मूळच्या कराडकडच्या. घर शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला. दाजींची विमानतळावरची नोकरी महामारीत गेली आणि गावोगावच्या हॉस्पिटलांना नर्सेस कमी पडत होत्या. म्हणून ताईंनी काही महिन्यांची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. एक गाव संपलं की दुसरं. मुलं सोबतच. शिकवायचं काम दाजींचं.

"माझी आईपण नर्सच होती," त्या मला म्हणाल्या होत्या. "ती एका गावात आणि मी मावशीकडे. ते मी माझ्या पोरांना करणार नाही." मग लगेच, "तू बीएस्सी ना? रविवारचं विज्ञान तुझं."

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझ्या पदवीचा कुणाला असा हक्काने उपयोग करून घ्यावासा वाटला, याचं मला आजही अप्रूप आहे.

दाजी सकाळी मुलांकडून मोठ्याने पाढे म्हणून घ्यायचे. पलीकडच्या कॅरॅव्हॅनमधले गोरे आजोबा त्या वेळी टोपी काढून उभे राहायचे. एक दिवस ते दाजींना म्हणाले, "लव्हली प्रेयर्स, मेट." दाजी "थँक यू" म्हणून मोकळे झाले. तेव्हापासून सत्ताविसाचा पाढासुद्धा मुलांना गंभीर चेहऱ्याने म्हणावा लागे.

ताई मात्र क्वचितच हसायच्या. गावातल्या वृद्धाश्रमात आजार शिरला होता आणि त्यांची ड्यूटी तिथेच लागली होती. परत आल्यावर कपडे बाहेरच बादलीत, मग अंघोळ, मग पोरं जवळ. मास्कचे वळ गालावर तसेच असायचे. रोज सकाळी मुलांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावल्याशिवाय शाळा भरत नसे. आणि दर थोड्या वेळाने फोनवर बातम्या. क्वीन्सलँडची हद्द उघडी आहे ना, घरी जायची वाट उघडी आहे ना.

एका संध्याकाळी सात वर्षांचा ओम आम्हाला हरवलेल्या वॉम्बॅटची, तिथल्या एका गुबगुबीत प्राण्याची, गोष्ट वाचून दाखवत होता. लायब्ररी बंद, सोबत चारच पुस्तकं, त्यामुळे ही गोष्ट आम्ही खूपदा ऐकली होती. ओम छान हावभाव करून वाचायचा. मध्येच ताई म्हणाल्या, "थांब. ती दोन पानं तर चिकटलीत."

जॅम सांडून पानं चिकटली होती. ओम मात्र आतली गोष्ट न अडखळता वाचत पुढे गेला होता. दाजी हसले, मीही हसलो. ताईंनी टेबलावरचा दुधाचा डबा उचलून एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे वाच."

ओमने इराकडे पाहिलं. "मिल्क."

शब्द 'फ्रेश' होता.

"आणि हे?"

"मिल्क," तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू.

त्याला एक अक्षर धड वाचता येत नव्हतं. बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून चारही पुस्तकं पाठ झाली होती, कुठे पान उलटायचं त्यासकट.

"इरा, तुला माहीत होतं?"

"येस."

"मग हँडओव्हरला का नाही सांगितलंस?"

"यू वेअर ऑलरेडी वरीड, आई." मग ती मराठीत म्हणाली, "तू काम सोडलं असतंस. मग त्या आजी-आजोबांचं कोण करणार?"

दाजी समजुतीने म्हणाले, "अगं, सातच वर्षांचा आहे. येईल हळूहळू."

"येईल काय येईल! पेशंटच्या चार्टवर असं लिहिते का मी?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी आणली आणि घरभर नावं चिकटवली. कप, दार, नळ. दाजींच्या छातीवर 'डॅड'. सगळी कॅरॅव्हॅन मलमपट्टी केल्यासारखी दिसायची. ओमला संध्याकाळी चार शब्द यायचे, सकाळी त्यातले दोन गेलेले असायचे.

"तू कसा शिकलास रे वाचायला?" ताईंनी मला विचारलं. "घरी तर कुणी शिकलेलं नव्हतं."

मी अभिमानाने सांगितलं, "आमच्या बाईंनी शिकवलं. पहिली ते चौथी त्याच होत्या. एकच खोली, एकच फळा."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. चार वर्षं एकच खोली! त्यांच्या ओमने दीड वर्षात पाच गावं पाहिली होती.

हॉस्पिटलने कंत्राट वाढवायला सांगितलं तेव्हा कधी एका शिफ्टला नाही न म्हणणाऱ्या ताई नाही म्हणाल्या. घरी जायचं, ओमला शाळेत घालायचं. त्या दिवशी पायरीवर बसून त्यांनी नाड्या सोडल्याच नाहीत. "वृद्धाश्रमातल्या मिसेस एम.ना माझ्याच हातून खायची सवय लागलीय," एवढंच म्हणाल्या.

शेवटची शिफ्ट झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बातमी आली. हद्द मध्यरात्री बंद होणार. पुढे दिवसभराचा रस्ता होता. दाजींनी धडाधड सगळं आवरलं. ताई गाडी चालवायला बसल्या आणि काच खाली करून मला म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर."

गाडी कॅरॅव्हॅन ओढत फाटकाशी गेली आणि थांबली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी धावत गेलो.

फाटकाजवळ पाटी होती. 'स्लो डाऊन. किड्स अबाऊट.' हळू चालवा, आसपास मुलं आहेत. ओमने मागच्या खिडकीतून मान बाहेर काढली होती आणि तो बोटाने हवेत एकेक अक्षर गिरवत होता. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. दाजी घड्याळाकडे बघत होते. ताईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर आरशात, मागच्या सीटवर.

"स्लो," ओम म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "डा... डाऊन."

कुणीच हॉर्न वाजवला नाही. ताई थांबून राहिल्या.