शेजारी बसलेला साक्षीदार

पोलीस सेवेत लिहून घेतलेल्या फिर्यादींपैकी बहुतेक आता विसरलो आहे. शेलार गावच्या एका वृद्धाची फिर्याद मात्र शब्दन् शब्द आठवते. त्यांना सगळे नाना म्हणत. मीही नानाच म्हणतो.

तेव्हा मी भिवंडीत सहायक निरीक्षक होतो. नानांची जमीन गोदामांसाठी विकली गेली होती. पत्नी वारलेली, एकुलता मुलगा परदेशी. त्याने घरी संगणक घेऊन दिला आणि इंटरनेट बँकिंग सुरू करून दिले. विजेचे, फोनचे बिल घरबसल्या भरले जाई, बँकेची खेप वाचे. एका सोमवारी खात्यातली निम्मी रक्कम गायब झाली.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?" मी विचारले.

"कुनाला न्हाय, साहेब. पोराला पन न्हाय."

मी कामांची यादी केली. बँकेला पत्र, रक्कम गेलेले खाते गोठवणे, व्यवहार कुठल्या संगणकावरून झाला याचा शोध. चौथ्या दिवशी बँकेचे उत्तर आले. व्यवहार भिवंडीतल्याच एका सायबर कॅफेतून झाला होता. तिथल्या नोंदवहीतला नाव-पत्ता खोटा निघाला. दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्याने स्वतः पोलीस ठाण्यात फोन केला.

"साहब, नाम तो झूठा था, पर आदमी याद आया. चश्मे की डंडी पे लूम का धागा लपेटा था. पचास का होगा."

मी नानांना बोलावून विचारले, असा चष्म्याच्या काडीला यंत्रमागाचा दोरा गुंडाळलेला कोणी माहीत आहे का?

"तो आमचा साक्षीदार हाय," ते म्हणाले.

"कसला साक्षीदार?"

"बँकेच्या यवहाराचा. जमिनीचा कागद साक्षीशिवाय झाला का कधी? मग पैशाचा कसा करायचा? दर रविवारी येतो, बाजूला बसतो. मी बटनं दाबतो, तो बघतो."

हा साक्षीदार म्हणजे कशेळी गावच्या गोदामातला एक कारकून; दोन वर्षे न चुकता येत होता.

"तो असंल तं माझी तक्रार मागं घ्या, साहेब."

गुन्हा दाखल झाला की फिर्याद अशी परत घेता येत नाही. मी तसे सांगितले. त्यांनी कारकुनाचे नाव असलेल्या पुरवणी जबाबावर सही केली. ती करायला त्यांना पाच मिनिटे लागली.

कारकुनाने तासभर सगळे नाकारले. मग मी चोरीचा विषय सोडला आणि विचारले, "रविवारी नानांकडे करता काय?"

"चहा पितो. ते बोलतात, मी ऐकतो."

"दोन वर्षं?"

"तेच तेच, साहेब. बायकोचं आजारपण, पोराचा फोन आला नाही. माणसानं किती ऐकायचं? मला वाटलं, एवढे पैसे तर आपले होतेच."

पासवर्ड त्याने बोटांकडे बघून पाठ केला होता. पैसे मेहुण्याच्या खात्यात होते; थोडे वगळता सगळे वाचले. नानांच्या मुलाला फोन केला. "पैसे मिळाले ना? थँक यू, सर," म्हणून त्याने फोन ठेवला.

पैसे परत जमा झाल्यावर नाना ठाण्यात आले. मी त्यांना मराठीत लिहिलेली सूचनांची यादी दिली: पासवर्ड दर महिन्याला बदला, कुठे लिहून ठेवू नका, सायबर कॅफेतून बँकेचे काम करू नका. नाना एकेक ओळ बोट फिरवत वाचत होते. 'पासवर्ड टाकताना शेजारी कोणी नसावे' इथे बोट थांबले.

"याची सोय झाली, साहेब," ते म्हणाले. यादीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि निघाले.

ती यादी बरोबर होती, आजही आहे. पण त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक फिर्यादीत मी पासवर्डच्या आधी एक प्रश्न विचारू लागलो: घरी तुमच्याशी कोण बोलतं? तपासाला त्याचा फार उपयोग झाला. उत्तर ऐकल्यावर त्या माणसासाठी काय करायचे, हे मात्र मला निवृत्त होईपर्यंत कळले नाही.