चाळीस गावं आणि ओमप्रकाश सर

अकोटच्या ओमप्रकाश सरांनी निम्म्या तालुक्याला भूगोल शिकवला, त्यामुळे आजही त्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. निवृत्तीनंतर सरांना इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाचं वेड लागलं. तिथे आपल्याकडच्या गावांची पानं ओसाड: नाव, तालुका, लोकसंख्या, संपलं. अमरावतीला या ज्ञानकोशाची कार्यशाळा झाली, तिथे सर उठले आणि महिनाभरात चाळीस गावांचे फोटो चढवून दाखवतो, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. नाही जमलं तर ही फोटोंची मोहीम दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

काम खरं तर पाच मिनिटांचं. एका माणसानं आपल्या गावाचा एक फोटो काढायचा आणि चढवायचा. सरांनी चाळीस स्वयंसेवक गोळा केले, त्यात मीही होतो. पण सरांचा आमच्यावर काडीचा भरवसा नाही. ते मोटरसायकलवर प्रत्येक गावी जातीनं हजर. आता सर एवढ्या उन्हात आले आणि त्यांना फोटोत उभं केलं नाही, हे आमच्याकडे शोभत नाही. "मले कावून मधात घेता?" असं म्हणत सर खिशातून कंगवा काढत.

छत्तीस गावं झाली आणि ज्ञानकोशाच्या तपासनिसांनी छत्तीसही फोटो एका दिवसात उडवले. शेरा असा होता: तळं असो, देऊळ असो, बाजार असो, पुढे एकच गृहस्थ, हा स्वतःचा प्रचार दिसतो. सर दोन दिवस धड जेवले नाहीत. आमच्यातले ज्येष्ठ महादेवराव तहसीलदारांना निवेदन द्यायला निघाले. तहसीलदारांचा यात काय संबंध, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

मुदतीला चार दिवस उरले होते. दामिनी ही सरांची जुनी विद्यार्थिनी, बाजारात भाजी विकते. स्वयंसेवकांच्या बैठकीत तीच बोलली, "पुन्हा काढू, सर. फक्त तुमी येऊ नका."

सर चिडले, पण चारही दिवस घरी बसले. एवढा मोठेपणा त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी दामिनीनं फोन त्यांच्यापुढे धरला. चाळीसच्या चाळीस पानांवर फोटो होते आणि तपासनिसांची एकही हरकत नव्हती. सरांनी एकेक गाव निरखून पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मला त्यांची दया आली.

"मी नवतो, तरी झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

दामिनीनं फोन परत घेतला. "तुमी नवते, म्हणून झालं, सर."