दाराखालची फट

परवाना खात्यातल्या तपासनीस बाईंना सापांची भीती वाटायची, आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. "घाबरते, तर घाबरते. त्यात लाजायचं काय?" असं त्या बिनदिक्कत सांगत. तरीही शहरात ज्यांनी ज्यांनी घरात विषारी साप ठेवले होते, त्या प्रत्येकाच्या दारात वर्षातून एकदा त्या हजर असत.

कायदा स्पष्ट होता. परवाना हवा, सापांची खोली वेगळी हवी, पेटीला कुलूप, खोलीला कुलूप, सर्पदंशावरचं औषध कुठल्या इस्पितळात मिळेल त्याचा कागद दारावर. आणि साप निसटेल अशी फट कुठेही नको. ही शेवटची अट बाकीचे तपासनीस उभ्या उभ्या नजरेनंच उरकत. बाई मात्र फरशीवर बसकण मारत, पर्समधून पेन्सिल काढत आणि दाराखालून आत सरकवत. पेन्सिल गेली की परवाना अडलाच. ऑफिसात त्यांना पेन्सिलबाई म्हणत. काही कौतुकानं, बरेचसे वैतागून.

त्या वर्षी दातांच्या डॉक्टरांचा परवाना नूतनीकरणाला आला. डॉक्टर म्हणजे बडं प्रस्थ. अर्ध्या शहराच्या दाढा त्यांनी उपटलेल्या, त्यात खात्याच्या साहेबांचीही एक. पाचव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात सात घोणशी होत्या. खोली अशी लख्ख की बघत राहावं. प्रत्येक पेटीवर सुवाच्य अक्षरात वजन, वय, खाणं. बाईंनी कुलपं ओढून पाहिली, साप मोजले, सातही भरले. मग त्या खाली बसल्या. गेल्या तपासणीनंतर फरशी बदलली होती. पेन्सिल सुर्रकन आत गेली.

"डॉक्टर, सही करता येणार नाही."

डॉक्टर हसले. "अहो मॅडम, माझा सगळ्यात बारीक साप मनगटाएवढा आहे. तो काय इथून जाणार?"

"तो नाही जाणार. पण त्या कोपऱ्यातल्या मादीचं पोट मला जरा जड वाटतंय."

"खाऊन पडलीय ती! वीस वर्षं साप पाळतोय मी. तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवत नाही. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पिल्लू या पेन्सिलीच्या जाडीचं असतं, एवढंच मी वाचलंय. सात दिवसांत दाराला खालून पट्टी बसवा. मी परत येते."

त्या ऑफिसात पोचायच्या आत डॉक्टरांचा फोन पोचला होता. साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, एवढ्याशा फटीपायी भल्या माणसाला कशाला छळता? करून टाका सही."

साहेबांपुढे त्यांचं तोंड सहसा उघडत नसे. पण त्या म्हणाल्या, "साहेब, मी शेरा लिहिलाय. तो खोडायचा असेल तर तुम्ही खोडा, आणि खाली तुमची सही करा."

साहेबांनी फाइल तशीच बाईंकडे सरकवली.

डॉक्टरांनी धुसफुसत पट्टी बसवली. जाड रबराची, फरशीला घट्ट टेकणारी. आठव्या दिवशी पेन्सिल अडली आणि बाईंनी सही केली. डॉक्टरांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी सकाळी डॉक्टर स्वतः ऑफिसात आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. सगळ्यांसमोर ते बाईंच्या टेबलापुढे उभे राहिले.

"मॅडम, व्याली ती. सव्वीस पिल्लं. तेवीस पेटीतच होती. तीन पेटीच्या हवेच्या भोकांतून बाहेर पडली होती. दार उघडण्याआधी मी दारातल्या काचेतून डोकावलो म्हणून बरं. तिन्ही दाराशीच होती. त्या रबराला नाक लावून."

डॉक्टरांच्या समोरच्या घरात नुकती रांगायला लागलेली जुळी होती, हे बाईंनी तपासणीला गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

"सर्पोद्यानाची माणसं पिल्लं घेऊन गेली," डॉक्टर म्हणाले. "परवाना सातांचाच आहे ना. मीच बोलावलं त्यांना."

"योग्य केलंत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि अहवाल लिहायला घेतला. पहिलंच वाक्य त्यांनी स्वतःच्या चुकीचं लिहिलं: पेटीची हवेची भोकं मापायची माझ्याकडून राहिली. डॉक्टर वाकून वाचत होते. "हे कशाला लिहिता? कोणाला कळणार आहे?" बाईंनी मान वर केली नाही. "पुढच्या तपासनिसाला कळायला नको?"

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. शिपायाला त्यांनी चहा सांगितला, आणि पहिला कप बाईंच्या टेबलावर ठेवायला लावला. बाईंची पाठ ताठ होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे टेबल त्यांना आज पहिल्यांदा आपलं वाटलं.

घरी त्यांनी जेवताना सगळं सांगितलं, जसं झालं तसं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई मात्र तडक उठल्या आणि बहिणीला फोन लावला. "अगं, आमच्या सुनेनं आज अख्खी इमारत वाचवली! तीस साप होते, तीस! मोकाट!"

"अहो आई, तीन," बाई आतून म्हणाल्या.

"तू जेव गं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.